जांभळाच्या रंगावर चालणारा सौरघट: पहिल्यांदा करून पाहणाऱ्यांसाठी

काचेचे दोन छोटे तुकडे, त्यांतल्या एकावर पांढऱ्या पुडीचा पातळ थर, त्या थरात मुरलेला जांभळाचा रस आणि मध्ये आयोडीनच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब. एवढ्यावर उन्हात वीज तयार होते आणि ती साध्या मल्टिमीटरवर मोजता येते. कनिष्ठ महाविद्यालयाच्या किंवा बीएस्सीच्या प्रयोगशाळेत हा घट करता येतो. महागडी यंत्रं लागत नाहीत. लागते ती चांगली भट्टी किंवा हॉट एअर गन, आणि घाई न करण्याची तयारी.

हा प्रयोग हाती घेणारे बहुतेक जण आधी रंगाच्या मागे लागतात: जांभूळ घेऊ, की बीट, की जास्वंद? विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांवरही फुलाफळांची चित्रं मोठी असतात आणि पांढऱ्या थराबद्दल एखादी ओळ. माझं मत असं, की घट चालणार की नाही हे त्या पांढऱ्या थरातली भोकं ठरवतात. थर नीट सच्छिद्र झाला तर साधारण रंगही काम देतो. थर बिघडला तर प्रयोगशाळेतला सगळ्यांत महाग रंगसुद्धा वाया जातो. म्हणून या लेखात थराला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे.

हे चालतं कसं

पांढरी पूड म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पुढे नुसतं टायटॅनिया म्हणू. भिंतीच्या रंगात, टूथपेस्टमध्ये, सनस्क्रीनमध्ये हेच असतं. हा अर्धवाहक आहे, टिकाऊ आहे, पाण्यात-आम्लात सहज विरघळत नाही. अडचण एकच: तो पांढरा आहे, म्हणजे दृश्य प्रकाश शोषतच नाही. त्याच्या अॅनाटेज या रूपाचा ऊर्जापट्ट्यांमधला फरक ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतका आहे. त्यामुळे सुमारे ३९० नॅनोमीटरच्या खालचे अतिनील किरणच त्याच्या कामाचे, आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के.

मग प्रकाश शोषण्याचं काम रंगाला द्यायचं आणि इलेक्ट्रॉन वाहून न्यायचं काम टायटॅनियाला. ही युक्ती मुळात फोटोग्राफीतली. १८७३ मध्ये बर्लिनला हेर्मान फोगेल यांना आढळलं, की चांदीच्या क्षारांच्या थरात रंग मिसळला तर फोटोची काच एरवी न दिसणाऱ्या हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देते. विसाव्या शतकात हेच अर्धवाहकांवर करून पाहिलं गेलं. वीज मिळायची, पण नगण्य.

कारण असं. रंगाचा जो रेणू अर्धवाहकाला थेट चिकटलेला असतो, तोच आपला इलेक्ट्रॉन आत ढकलू शकतो. गुळगुळीत पृष्ठभागावर अशा रेणूंचा एकच थर बसतो आणि तो थर अंगावर पडलेल्या प्रकाशाचा एक टक्काही शोषत नाही. रंग जाड चोपडला तर वरचे रेणू प्रकाश शोषतात, पण त्यांचे इलेक्ट्रॉन खालपर्यंत पोचत नाहीत. म्हणजे पातळ थर प्रकाश सोडून देतो आणि जाड थर वीज.

१९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठातून ब्रायन ओ'रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी या कोंडीवरचा उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी सपाट टायटॅनियाऐवजी अतिसूक्ष्म कणांचा, सुमारे १० मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र थर वापरला आणि त्यात रुथेनियम या धातूपासून केलेला रंग मुरवला. घटाची कार्यक्षमता एकदम ७ टक्क्यांच्या पुढे गेली.

छिद्रांनी काय होतं याचा हिशोब स्वतः करून पाहावा असा आहे. कणाचा व्यास २० नॅनोमीटर धरा, थराची जाडी १० मायक्रोमीटर, आणि थरातली निम्मी जागा मोकळी. गोलाचा पृष्ठभाग भागिले आकारमान म्हणजे ६ भागिले व्यास. त्याला भरीव भागाच्या ०.५ ने आणि जाडीच्या १०,००० नॅनोमीटरने गुणलं, की उत्तर येतं १,५००. कण एकमेकांना चिकटतात तिथला पृष्ठभाग वजा केला तरी साधारण हजारपट उरतो. काचेवरच्या एका चौरस सेंटिमीटरमागे आत जवळजवळ एक चौरस फूट पृष्ठभाग! प्रत्येक रेणू टायटॅनियाला थेट चिकटलेला, आणि तरी प्रकाशाच्या वाटेत असे शेकडो थर. थर पातळही राहिला आणि जाडही झाला. मला ही कल्पना या विषयातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते.

पुढचं चक्र सोपं आहे. प्रकाश पडला की रंगाचा रेणू उत्तेजित होतो आणि एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कितीतरी कमी वेळात इलेक्ट्रॉन टायटॅनियात सोडतो. तो इलेक्ट्रॉन कणाकणांतून वाट काढत काचेवरच्या वाहक थरापर्यंत येतो, तिथून तारेने बाहेर पडतो, काम करतो आणि समोरच्या काचेवर पोचतो. तिथे त्या काचेवर दिलेल्या ग्राफाइटच्या मदतीने तो द्रावणातल्या ट्रायआयोडाइडला (आयोडीन आणि आयोडाइड मिळून झालेल्या आयनाला) मिळून आयोडाइड तयार होतं. ते आयोडाइड छिद्रांतून रंगाच्या रेणूपाशी जातं आणि त्याची इलेक्ट्रॉनची तूट भरून काढतं. चक्र पुरं होतं, काहीच खर्च होत नाही. हे द्रावण थरातल्या प्रत्येक कोपऱ्यात पोचलं पाहिजे, म्हणून छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत. बंद पोकळ्यांचा उपयोग नाही.

सामान आणते वेळी

टायटॅनियाची पूड निवडतानाच निम्मे प्रयोग बिघडतात. रंगाच्या दुकानात मिळणारी पूड स्वस्त असते, पण ती बहुधा रुटाइल या टायटॅनियाच्या दुसऱ्या रूपातली, सुमारे २०० ते ३०० नॅनोमीटर कणांची असते आणि कणांवर अॅल्युमिना किंवा सिलिकाचं आवरण असतं. भिंतीसाठी ते योग्यच. आपल्यासाठी पृष्ठभाग दहापट कमी होतो आणि आवरणामुळे रंगही नीट चिकटत नाही. रसायनांच्या विक्रेत्याकडे ‘पी२५’ या नावाची पूड मागा. तिचे कण सुमारे २१ नॅनोमीटरचे असतात, त्यात बराचसा भाग अॅनाटेजचा असतो, आणि एका ग्रॅममध्ये जवळजवळ ५० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. दुसऱ्या कुठल्या कंपनीची घेतली तर बाटलीवर ‘अॅनाटेज’ आणि कणांचा आकार २५ नॅनोमीटरच्या आसपास, एवढं पाहा.

काच साधी चालत नाही. एका बाजूला फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक थर असलेली काच लागते. प्रयोगशाळेत तिला एफटीओ काच म्हणतात. मोबाइलच्या पडद्यात वापरतात ती आयटीओ काचही वाहकच असते, पण भट्टीत तिचा रोध खूप वाढतो, म्हणून नको. अडीच बाय अडीच सेंटिमीटरचे तुकडे कापून घ्या, प्रत्येक घटाला दोन.

बाकीची यादी छोटी आहे: पोटॅशियम आयोडाइड, आयोडीनचे स्फटिक, इथिलीन ग्लायकॉल, पांढरं व्हिनेगर किंवा सौम्य अॅसेटिक आम्ल, डिस्टिल्ड वॉटर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायचं बिनरंगी लिक्विड, पारदर्शक सेलोटेप, काचेची कांडी, चिनीमातीचा खल, ६बी पेन्सिल, छोट्या बाइंडर क्लिपा आणि दोन मल्टिमीटर.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. टायटॅनियाची कोरडी पूड उडते आणि तिचे कण फुप्फुसांना चांगले नाहीत, म्हणून पूड तोलताना चांगला मास्क लावा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी आहे, त्यामुळे बाटलीवर ठळक नाव लिहा आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. आयोडीनची वाफ डोळ्यांना झोंबते आणि धातू खाते. हातमोजे आणि चष्मा घाला. स्वयंपाकघरातला खल-बत्ता किंवा मिक्सर एकदा या कामाला वापरला की तो परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

लेप तयार करणं

खलात ६ ग्रॅम पूड घ्या. त्यात ९ ते १० मिलिलिटर व्हिनेगर, किंवा अॅसेटिक आम्ल घालून पीएच ३ ते ४ केलेलं डिस्टिल्ड वॉटर, एका वेळी एक मिलिलिटर एवढंच घालत घोटत राहा. आधीचा थेंब पूर्ण मुरून लेप एकजीव झाल्याशिवाय पुढचा घालायचा नाही. सगळं मिळून अर्धा तास तरी लागतो आणि तो लागू द्यावा. बाटलीतले कण एकट्याने नसतात, त्यांचे गठ्ठे असतात. घोटणं म्हणजे ते गठ्ठे फोडणं. आम्ल असतं म्हणून प्रत्येक कणावर धन प्रभार येतो, कण एकमेकांना ढकलतात आणि फुटलेले गठ्ठे पुन्हा जमत नाहीत. सगळं आम्ल एकदम ओतलं तर गुठळ्या राहतात, आणि त्या नंतर कितीही घोटल्या तरी जात नाहीत.

शेवटी लेप भिंतीच्या इमल्शन रंगाइतका दाट आणि गुळगुळीत व्हायला हवा. आता एक मिलिलिटर पाण्यात लिक्विडचा एक थेंब घालून ते लेपात हलक्या हाताने मिसळा. फेस येऊ देऊ नका, कारण प्रत्येक बुडबुडा म्हणजे थरातला खड्डा. लिक्विडमुळे लेप काचेवर सारखा पसरतो. झाकून पंधरा मिनिटं ठेवा. एवढ्या लेपात बऱ्याच काचा होतात. उरलेला घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि पुन्हा वापरण्याआधी ढवळा.

काचेवर थर

काच आधी साबणाने, मग डिस्टिल्ड वॉटरने, मग अल्कोहोलने धुवा. नंतर बोटं फक्त कडांना लागू द्या. मल्टिमीटर रोध मोजायला लावून दोन्ही टोकं काचेवर टेकवा. वाहक बाजूला साधारण १० ते ३० ओहम दिसतात, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. वाहक बाजू वर ठेवा. चुकून उलट्या बाजूला थर दिला तर पुढचं सगळं करूनही घट शून्य दाखवतो, म्हणून दोनदा तपासा.

काचेच्या तीन कडांना सेलोटेप लावा. एका कडेला चार-पाच मिलिमीटरची पट्टी झाका, तिथे नंतर मल्टिमीटरची क्लिप बसेल. तिला लागून असलेल्या दोन कडांना एकेक-दोनदोन मिलिमीटर पुरे. टेपची जाडी सुमारे ५० मायक्रोमीटर असते आणि ओल्या थराची जाडी तीच ठरवते. वरच्या कडेशी लेपाचे दोन-तीन थेंब आडवे टाका आणि काचेची कांडी टेपवर टेकवून एका झटक्यात खाली ओढा, मग वर. कांडी गोल फिरवू नका, नुसती ओढा. थर सारखा आला नाही तर ओल्या कापडाने पुसून पुन्हा द्या. वाळलेल्या थरावर दुसरा हात मारायचा मोह टाळा, तो हमखास तडकतो.

थर मिनिट-दोन मिनिटं झाकून तसाच ठेवा म्हणजे रेषा सपाट होतात. वाळल्यावर टेप अलगद काढा.

भाजणं

इथे थर खरा तयार होतो. काच ४५०° सेल्सियसला अर्धा तास भाजायची. मफल भट्टी असेल तर उत्तम. नसेल तर ५०० अंशांपर्यंत जाणारी हॉट एअर गन, किंवा तिवईवर तारेची जाळी ठेवून खालून बर्नरची आच. तापमान हळूहळू वाढवा. थर आधी पिवळट-तपकिरी होतो, थोडा धूरही येतो: लिक्विड आणि आम्लातला सेंद्रिय भाग जळतो आहे. मग तो पुन्हा पांढरा होतो. पांढरा झाला म्हणजे काम झालं असं समजून लगेच उतरवू नका. या तापमानाला कण जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे त्यांच्यात पक्के सांधे तयार होतात. इलेक्ट्रॉनची वाट म्हणजे हेच सांधे. कच्च्या भाजलेल्या थरात रंग छान चढतो, घट व्होल्टेजही दाखवतो, पण प्रवाह येत नाही.

उलट टोकही सांभाळायला हवं. ६०० अंशांच्या आसपास अॅनाटेजचं रुटाइल होऊ लागतं, कण वाढतात, छिद्रं बुजतात, आणि साधी काचही मऊ पडते.

भट्टी बंद करून काच आतच गार होऊ द्या. गरम काच फरशीवर ठेवली की तडकते. गार झालेल्या थराची जाडी साधारण ७ ते १० मायक्रोमीटर असते. आता एक छोटी परीक्षा घ्या: थराच्या कोपऱ्यावर अल्कोहोलचा एक थेंब सोडा. तो तत्काळ आत शोषला गेला आणि तेवढा भाग थोडा पारदर्शक दिसू लागला, तर छिद्रं उघडी आणि जोडलेली आहेत. थेंब वर बसून राहिला तर ती काच पुन्हा भाजा किंवा बाजूला ठेवा.

आता रंग

वनस्पतींतला कुठलाही गडद रंग चालेल असं नाही. रेणूला टायटॅनिया पकडून ठेवता आला पाहिजे. लाल-जांभळ्या फळांतला रंग म्हणजे अँथोसायनिन. त्यांतल्या सायनिडिन आणि डेल्फिनिडिन या प्रकारांत एका कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी असतात. ते दोन गट मिळून टायटॅनियमचा अणू चिमट्यासारखा धरतात. पेलार्गोनिडिनमध्ये असा जोड नसतो.

आपल्याकडच्या फळांचा विचार या नजरेने केला तर निवड आपोआप होते. जांभळाच्या सालीत डेल्फिनिडिन भरपूर असतं, त्यामुळे जूनमध्ये हा प्रयोग करायचा तर तेच घ्या. कोकणात एप्रिल-मेमध्ये पिकलेले रातांबे मिळतात. कोकमाचा लाल रंग सायनिडिनचा. लाल अंबाडीची बोंडं, म्हणजे फुलानंतर उरणारी मांसल लाल वाटी, यांत दोन्ही प्रकार असतात आणि ती वाळवून वर्षभर ठेवता येतात. शाळेसाठी मी हीच सुचवेन. लाल जास्वंद आणि डाळिंबही चालतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र दिसायला कितीही लाल असली तरी तिचा रंग मुख्यतः पेलार्गोनिडिनचा, म्हणून निराशा करते. पालकाचं हरितद्रव्यही तसंच्या तसं नीट चिकटत नाही, त्यात टायटॅनियाला धरणारा गट मोकळा नसतो.

कोकमाबद्दल एक इशारा. आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं. आमसुलांनाही बहुधा मीठ लावलेलं असतं. ताज्या रातांब्यांतसुद्धा हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल खूप असतं आणि ते आम्ल टायटॅनियावरच्या त्याच जागा अडवतं. म्हणून कोकमाचा रस अल्कोहोलमध्ये पातळ करून जास्त वेळ मुरवावा लागतो.

रस काढताना फळाची साल किंवा बोंडं ठेचा, थोडं डिस्टिल्ड वॉटर, थोडं अल्कोहोल आणि व्हिनेगरचे काही थेंब घाला, अर्धा तास ठेवा आणि फिल्टर पेपरने गाळा. उकळू नका. खाण्याचा सोडा किंवा साबण लागला तर रंग निळा-हिरवट होऊन लवकर नासतो. त्याच दिवशी वापरा, उरला तर फ्रिजमध्ये.

भाजलेली काच पुन्हा ८० ते १०० अंशांपर्यंत गरम करा म्हणजे छिद्रांतली दमट हवेची ओल निघून जाईल. पावसाळ्यात तर हे चुकवूच नका. कोमट असतानाच ती रसात थर खाली करून ठेवा. जांभळाला दहा-पंधरा मिनिटंही पुरतात, तासभर ठेवलं तर बरं. मागच्या बाजूने पाहा: कुठे पांढरं दिसत असेल तर आणखी ठेवा. मग पाण्याने, नंतर अल्कोहोलने धुवा आणि टिशूने टिपून घ्या, घासू नका.

इथे एक फार बोलकी खूण दिसते. लाल रस थरात शिरला की जांभळट होतो. टायटॅनियमशी बंध जुळला की अँथोसायनिनचं शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं, त्याचा हा परिणाम. रंग बदलला आणि धुतल्यावरही टिकला, तर तो चिकटला. लालच राहून पाण्याबरोबर वाहून गेला, तर तो नुसता छिद्रांत भरला होता.

दुसरी काच आणि इलेक्ट्रोलाइट

दुसऱ्या काचेच्या वाहक बाजूवर ६बी पेन्सिलने ग्राफाइटचा दाट थर द्या, किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर अर्धा मिनिट धरून काजळी धरा. हा थर ट्रायआयोडाइडला इलेक्ट्रॉन देण्याचं काम सोपं करतो. संशोधनात इथे प्लॅटिनम असतं. उघडी काच राहिली तर घट चालतो, पण अडखळत.

इलेक्ट्रोलाइटसाठी १० मिलिलिटर इथिलीन ग्लायकॉलमध्ये ०.८३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ०.१३ ग्रॅम आयोडीन विरघळवा. पाणी नको, पाण्याने रंग थरावरून सुटू लागतो. गडद बाटलीत ठेवा. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं लुगॉल्स आयोडीन तात्पुरत्या प्रात्यक्षिकाला चालतं. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन चालत नाही.

जोडणी आणि मोजणी

रंगाची काच थर वर करून ठेवा. तिच्यावर ग्राफाइटची काच, ग्राफाइट खाली करून, थोडी सरकवून ठेवा म्हणजे दोन्ही बाजूंना वाहक पट्टी उघडी राहील. उरलेल्या दोन कडांना बाइंडर क्लिपा लावा. फटीवर इलेक्ट्रोलाइटचे दोन-तीन थेंब सोडा आणि क्लिपा आळीपाळीने किंचित सैल करून पुन्हा लावा. द्रावण केशाकर्षणाने आत ओढलं जातं आणि सगळा थर भिजतो. बाहेर सांडलेलं लगेच पुसा.

रंगाची काच उन्हाकडे करा. टायटॅनियाची बाजू ऋण, ग्राफाइटची धन. स्वच्छ दुपारच्या उन्हात, मिटरशिवाय दुसरं काही न जोडता, ०.३ ते ०.५ व्होल्ट मिळायला हवेत, आणि मिटर थेट जोडून दर चौरस सेंटिमीटरला एक-दोन मिलिअँपिअर प्रवाह.

एवढ्यावर थांबू नका. घटाला ५०० ओहमचं पोटेन्शियोमीटर जोडा, एका मिटरने व्होल्टेज आणि दुसऱ्याने प्रवाह वाचत नॉब हळूहळू फिरवा आणि आलेख काढा. व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार जिथे सर्वांत मोठा, ती घटाची खरी शक्ती. ती जास्तीत जास्त व्होल्टेज गुणिले जास्तीत जास्त प्रवाह यांनी भागली, की फिल फॅक्टर मिळतो. समजा थराचं क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर, ०.४ व्होल्ट, ४ मिलिअँपिअर आणि फिल फॅक्टर ०.४. शक्ती झाली ०.६४ मिलिवॉट. त्या थरावर पडणारं प्रखर ऊन ४०० मिलिवॉट. कार्यक्षमता ०.१६ टक्के. हा आकडा लहान आहे, पण तो तुमच्या हाताने केलेल्या, स्वतः मोजलेल्या घटाचा आहे, आणि तो कुठून कसा वाढवायचा हे आता तुम्हाला माहीत आहे. चार घट एकापुढे एक जोडले तर एलसीडी कॅल्क्युलेटर चालतो. एलईडीसाठी जास्त लागतात.

बिघाड कुठे शोधायचा

व्होल्टेजच नाही? दोन्ही काचांचे वाहक थर कुठेतरी एकमेकांना टेकले असतील, थरात ओरखडा असेल, किंवा काच उलटी असेल. व्होल्टेज ठीक आणि प्रवाह नगण्य? भाजणं कमी झालं, ग्राफाइट विरळ आहे किंवा क्लिपेचा संपर्क सैल आहे. भाजताना थराचे पापुद्रे निघाले तर थर जाड होता किंवा आच एकदम वाढवली. सुरुवातीला चांगला चालून काही तासांत मंदावला, तर आधी इलेक्ट्रोलाइटचा एक थेंब घालून पाहा. सुधारलं नाही तर रंग उडाला आहे. अतिनील किरणांत टायटॅनिया सेंद्रिय रेणू जाळतो, त्यामुळे घटासमोर अतिनील अडवणारी अॅक्रिलिकची चकती धरली तर तो जास्त टिकतो. तरी फळांच्या रंगाचा घट फार दिवसांचा सोबती नाही, आणि तशी अपेक्षा ठेवू नये.

पुढे जायचं असेल तर

संशोधनातल्या घटांत एन७१९ सारखे रुथेनियमचे रंग वापरतात. थर त्यांच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात रात्रभर ठेवतात आणि घट कडेने प्लास्टिकच्या पातळ चौकटीने सीलबंद करतात. २०११ मध्ये पॉर्फिरिन रंग आणि आयोडीनऐवजी कोबाल्टचं द्रावण घेऊन १२.३ टक्के गाठले गेले. २०२२ मध्ये दोन रंग एकत्र चिकटवून १५ टक्क्यांच्या थोडं पुढे मजल गेली, तीही त्याच लोझानमधून.

छतावर मात्र सिलिकॉनच. बाजारातली पॅनेलं २० टक्क्यांच्या पुढे आहेत आणि पंचवीस वर्षं टिकतात. रंगाच्या घटाची जागा वेगळी आहे: घरातला, ऑफिसातला मंद प्रकाश. ट्यूबलाइट आणि एलईडीचा प्रकाश जवळजवळ सगळा दृश्य पट्ट्यातला असतो आणि रंग नेमका तोच शोषतात. अशा प्रकाशात चांगले घट ३० टक्क्यांच्या आसपास पोचले आहेत. स्वीडनची एक्सेजर ही कंपनी हे तंत्र हेडफोनच्या पट्टीत वापरते. लोझानच्याच विद्यापीठातल्या सभागृहाच्या दर्शनी भागावर २०१४ पासून अशा रंगीत काचा बसवलेल्या आहेत. आपल्या देशात तिरुवनंतपुरमची एनआयआयएसटी ही संस्था घरातल्या प्रकाशावर चालणाऱ्या घटांवर काम करते, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या विषयावर बरंच संशोधन झालं आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मार्गदर्शक शोधणाऱ्यांनी अशा ठिकाणी आपला आलेख घेऊन विचारावं. आज ज्यांचा गाजावाजा आहे ते पेरोव्स्काइट (विशिष्ट रचनेचे प्रकाश शोषणारे स्फटिक) सौरघटही याच वाटेवरून आले: २००९ मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने रंगाच्या जागी पेरोव्स्काइट घालून केलेला पहिला घट ३.८ टक्के देत होता.

घटाचं काम झालं की तो उघडा, दोन्ही काचा भरपूर पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुवा म्हणजे आयोडाइडचे क्षार निघतील. वापरलेलं आयोडीनचं द्रावण बेसिनमध्ये न ओतता प्रयोगशाळेच्या टाकाऊ रसायनांच्या बाटलीत टाका. मग थराची काच पुन्हा ४५०° ला अर्धा तास भाजा. रंग जळून जातो, टायटॅनिया जागेवर राहतो आणि तीच काच पुढच्या रंगासाठी तयार होते. एकाच थरावर आधी अंबाडी, मग डाळिंब, मग स्ट्रॉबेरी असं मोजलं, तर रंगांची तुलनाही जास्त विश्वासार्ह होते.